रेणूंचा तराजू आणि चिंचोक्याची खळ



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ मुरुडची ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर गणित आणि रसायन हे दोन विषय शिकवीत होते, असे चालकांनी निमंत्रणपत्रात कळविले होते, आणि ‘विषय आपल्या पसंतीचा असू द्यावा, मात्र श्रोत्यांत वाडीवाले, कोळी, दुकानदार आणि पेन्शनर असे सगळेच असतील’ अशी एक सौम्य ताकीदही त्याच पत्रात होती. ती ताकीद शिरसावंद्य मानूनही मी विषय निवडला तो द्रव्यमान वर्णपटमापकाने, म्हणजे बोलण्यात ज्याला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्या यंत्राने, जटिल कर्बोदकांची रचना कशी ठरवितात हाच. कारण या शास्त्राचा कच्चा माल पाहू गेले तर तो माडाच्या शेंड्यावर, चिंचेच्या बुंध्याशी आणि आपल्या प्रत्येकाच्या रक्तात आहे, आणि ज्या मालाची पैदास आपल्या दारात होते त्याची घडण विचारण्याचा हक्क दारात राहणाऱ्याला पहिला पोचतो, असे माझे मत आहे.

या शास्त्रातली मुख्य अडचण आरंभीच सांगून टाकतो. निसर्गाने ज्या शर्करा गुणाने एकमेकींपासून अत्यंत भिन्न घडविल्या, त्यांतल्या पुष्कळांचे वजन त्याने तंतोतंत एकच ठेवले. आणि आपल्या हाती असलेले सर्वांत सूक्ष्म यंत्र असे, की त्याला वजनापलीकडे काही म्हणजे काही कळत नाही. एमिल फिशर यांनी १८९१ साली ग्लुकोजच्या रेणूतील अणूंची अवकाशातली मांडणी निश्चित केली. ग्लुकोज, दुधाच्या शर्करेत असणारे गॅलॅक्टोज आणि मॅनोज या तिघांतही सहा कार्बन, बारा हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणू आहेत, तिघांचाही रेणुभार १८० आहे, आणि फरक काय तो इतकाच, की एखाद्या कार्बनावरचा हायड्रॉक्सिल गट एकात वलयाच्या वरच्या अंगाला तर दुसऱ्यात खालच्या अंगाला आहे. अशा दोन शर्करा जोडल्या जातात तेव्हा पाण्याचा एक रेणू, म्हणजे १८ भार, बाहेर पडतो, आणि म्हणून साखळीत गुंफलेल्या या तिघांपैकी कोणाचाही हिशेबी भार १६२ धरतात. पाच कार्बनांच्या झायलोजचा १३२, फ्यूकोजचा १४६ आणि एन-ॲसिटिल ग्लुकोजामाइनचा २०३. एवढे चार आकडे श्रोत्यांनी आजच्या संध्याकाळपुरते ध्यानात ठेवावेत. याहून अधिक पाठांतराचा बोजा मी टाकणार नाही.

आता केवळ दोन ग्लुकोज घ्यावेत आणि नेहमीच्या सहा-अणूंच्या वलयाच्या रूपात ते जोडून पाहावेत. पहिल्याचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या किंवा सहाव्या कार्बनावरच्या ऑक्सिजनाला जोडता येतो, ती जोड आल्फा असते किंवा बीटा, आणि शिवाय दोघांचे पहिले कार्बन एकमेकांना जोडण्याचे तीन प्रकार. एकूण अकरा शर्करा झाल्या, आणि अकराही जणींचा भार ३४२. चौथ्या कार्बनावर आल्फा जोड असली म्हणजे तिला माल्टोज म्हणतात आणि तशाच जोडांची लांब साखळी म्हणजे तांदळातला स्टार्च. त्याच जागी बीटा जोड असली की सेलोबायोज, आणि तिची साखळी म्हणजे कापूस. एक अन्न आणि दुसरे वस्त्र, आणि काट्यावर दोहोंत गुंजेचीही तफावत नाही! तीन वेगवेगळी अमिनो आम्ले एकदाच वापरून साखळी केली तर तिचे क्रम सहाच संभवतात. तीन वेगवेगळ्या षट्कार्बनी शर्करांपासून मात्र १,०५६ पासून २७,६४८ पर्यंत त्रिशर्करा संभवतात असा हिशेब प्रसिद्ध आहे, आणि साखळी सहा घटकांची झाली की हा आकडा दशलक्षाच्या दशलक्षपटीवर, म्हणजे एकावर बारा शून्यांच्या पलीकडे जातो. प्रथिनांचे शास्त्र भराभर पुढे गेले आणि शर्करांचे मागे रेंगाळले, याचे खापर पुष्कळदा शर्करा-रसायनज्ञांच्या मंदगतीवर फोडले जाते. वरील आकडे पाहिल्यावर हा आरोप कितपत टिकतो ते श्रोत्यांनीच ठरवावे.

यंत्राची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१३ च्या सुमारास केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन यांनी निऑन वायूचे भारित अणू विद्युत् आणि चुंबकीय क्षेत्रांतून धावविले तेव्हा ते एका वक्ररेषेवर न पडता दोन रेषांवर पडले, एक २० भाराची आणि दुसरी २२ भाराची. त्यांचे सहकारी ॲस्टन यांनी १९१९ साली याच तत्त्वावर नीट यंत्र बांधले आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. आपल्या महाराष्ट्रात हे यंत्र रुजले ते शर्करांसाठी नव्हे, युरेनियमसाठी. ट्रॉम्बेच्या अणुशक्ती केंद्रात २३५ आणि २३८ भाराच्या युरेनियमचे प्रमाण काटेकोर मोजण्याची निकड होती, आणि १९७८ साली या शास्त्राची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली तिचेही ठाणे तेच राहिले. शर्करांना या यंत्रात प्रवेश मिळणे कठीण होते, कारण यंत्राला पदार्थ वायुरूपात हवा आणि शर्करा तापविली की उडून न जाता करपते, हे पाक करणाऱ्या कोणाही गृहिणीला सांगावे लागत नाही. १९८१ साली मँचेस्टरच्या मायकेल बार्बर यांनी ग्लिसरिनच्या थेंबात विरघळवलेल्या पदार्थावर वेगवान अणूंचा मारा करून रेणू अखंड उचलून दाखविले. नंतर फेन यांची विद्युत्-फवाऱ्याची रीत आली आणि लेसरच्या झोताने रेणू उडविण्याच्या रीती आल्या. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात फेन यांच्याबरोबर शिमाझु कंपनीतले एक साधे इंजिनिअर, डॉक्टरेट नसलेले कोइची तानाका, यांचा वाटा होता. तानाका यांनी धातूची भुकटी आणि ग्लिसरिन यांचा उपयोग केला होता. शर्करांच्या प्रयोगशाळांतून आज जी लेसर-रीत सर्रास चालते ती मात्र कारास आणि हिलेनकांप या जर्मन जोडीची आहे, आणि पारितोषिकाच्या यादीत त्यांची नावे नाहीत. ही गोष्ट मला अजूनही थोडी खटकते, पण तो मामला वेगळा आहे.

ती रीत प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. शर्करेचे द्रावण आणि डायहायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाचे द्रावण यांचा मिळून जेमतेम एक मायक्रोलिटरचा थेंब पोलादी पट्टीवर ठेवून वाळू देतात. वाळताना आम्लाचे स्फटिक थेंबाच्या काठापासून आत सुयांसारखे वाढत जातात, आणि पडद्यावर तो डाग मोठा करून पाहत, नक्की कोठे लेसर लावला म्हणजे शर्करा उडेल याचा शोध तंत्रज्ञ बराच वेळ घेत बसतो. ३३७ नॅनोमीटरचा लेसर क्षणभर पेटतो, आम्ल तो प्रकाश गिळते आणि आपल्याबरोबर शर्करेलाही निर्वातात उचलते. निर्वात नळीतून हलके रेणू आधी आणि जड रेणू मागाहून पोचतात, आणि लागलेल्या वेळावरून भार निघतो. उडताना शर्करेला बहुधा सोडियमचा एक आयन चिकटलेला असतो. तो कोणी मुद्दाम घातलेला नसतो; काचेच्या भांड्यांतून, पाण्यातून तो आपोआप येतो, आणि म्हणून कागदावर उमटलेल्या प्रत्येक आकड्यातून २३ वजा करण्याची सवय या धंद्यात पहिल्या आठवड्यातच लागते.

आता ज्या पदार्थासाठी मी हे सारे सांगत आलो त्या चिंचोक्याकडे वळतो. चिंचोका भाजून, टरफल काढून, दळून शिजविला की जी दाट खळ होते ती धनगरांच्या घोंगडीला पिढ्यान्‌पिढ्या दिली जात आली आहे, आणि दुसऱ्या महायुद्धात स्टार्चची टंचाई झाली तेव्हा हीच खळ गिरण्यांच्या सायझिंग खात्यांत ताण्याच्या सुताला देण्याकडे लोकांचे लक्ष गेले. कोकणातून मुंबईस गेलेल्या चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांनी त्या खात्यांच्या वाफेत उभ्या आयुष्याच्या पाळ्या भरल्या. त्यांच्या हातांना लागणाऱ्या या चिकट पदार्थाची रासायनिक कैफियत मात्र कोणी नीट लिहिलेली नव्हती. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली काढलेला रासायनिक तंत्रशास्त्राचा विभाग वस्त्ररसायनाच्या गरजेतूनच जन्मास आला होता, आणि त्याच विभागातील जी. आर. सावूर आणि ए. श्रीनिवासन यांनी चिंचोक्यातील बहुशर्करा वेगळी काढून तिची लक्षणे तपासली व तो निबंध १९४८ साली अमेरिकेतील जीवरसायनशास्त्राच्या प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी या पदार्थाला पेक्टिन म्हणण्याची चाल होती, कारण साखर घातली की तो फळांच्या पेक्टिनसारखाच गोठतो. परंतु पेक्टिनचा आधार जे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल ते यात मुळीच नाही. यात आहेत ग्लुकोज, झायलोज आणि गॅलॅक्टोज, सुमारे २.८, २.२५ आणि १ या प्रमाणात.

घटकांची यादी मिळाली म्हणजे रचना मिळाली असे नव्हे. कोण कोणास, कितव्या कार्बनावर जोडला आहे? येथे एक जुनी युक्ती कामास येते, आणि ती समजण्यासाठी आपल्या कोकणातल्या लाकडी घराचा दृष्टान्त पुरेसा आहे. एखादे जुने घर उतरवून त्याचे खांब, तुळया आणि वासे दुसऱ्या गावी नेऊन टाकले, तर ते ढीग पाहून मूळ घर कसे होते ते कोणाला सांगता येणार नाही. परंतु उतरविण्यापूर्वी साऱ्या घराला आतून-बाहेरून रंगाचा हात दिला असेल, तर जेथे लाकडात लाकूड बसले होते तेवढ्याच जागा कोऱ्या राहतील, आणि प्रत्येक वाशावरच्या कोऱ्या जागा पाहून त्याचे सांधे कोठे होते हे जाणता सुतार बिनचूक सांगेल. शर्करांच्या बाबतीत हा रंग म्हणजे मिथिल गट. मोकळ्या प्रत्येक हायड्रॉक्सिलवर मिथिल चढवायचा, मग आम्लाने साखळी तोडायची, आणि सुट्या झालेल्या शर्करांवर मिथिल कोठे नाही ते पाहायचे. पर्डी आणि अर्व्हिन यांनी सेंट अँड्र्यूज येथे १९०३ साली सिल्व्हर ऑक्साइड व मिथिल आयोडाइड वापरून ही रीत सुरू केली, हॉवर्थ यांनी १९१५ साली ती सुलभ केली, हाकोमोरी यांनी १९६४ साली तिला वेग दिला, आणि १९८४ साली चुकानू आणि केरेक या रुमानियन जोडीने कॉस्टिक सोड्याची भुकटी व डायमिथिल सल्फॉक्साइड यांवर ती आणून ठेवली. आज जगभर तीच चालते. १९५३ साली व्हाइट आणि पी. एस. राव यांनी चिंचोक्याच्या बहुशर्करेवर हीच मिथिल-पद्धती चालविली. कोऱ्या जागांनी जी साक्ष दिली ती अशी: कण्यातील ग्लुकोज चौथ्या कार्बनावर जोडलेले आणि त्यांतले बहुतेक सहाव्यावरही भारलेले, झायलोज काही टोकाला मोकळे आणि काही दुसऱ्या कार्बनावर आणखी कोणाला धरून, आणि गॅलॅक्टोज नेहमी टोकाला. म्हणजे कणा कापसाचाच, बीटा जोडांच्या ग्लुकोजचा, त्याला झायलोजच्या फांद्या आणि काही फांद्यांच्या टोकाला गॅलॅक्टोज. गिरणीच्या सुताला ही खळ इतकी घट्ट का धरते याचा उलगडा येथे होतो. तिचा कणा आणि सुताचा तंतू एकाच घडणीचे आहेत.

अद्याप एक प्रश्न राहिला, तो म्हणजे क्रमाचा, आणि तेथे मास स्पेक्ट्रोमीटरवाचून गत्यंतर नव्हते. सेल्युलोज तोडणारे एंझाइम या साखळीवर सोडले तर ते फक्त बिनफांदीच्या ग्लुकोजापाशी घाव घालते, आणि असा ग्लुकोज दर चौथ्या घरी येत असल्यामुळे साखळीचे चार-चार ग्लुकोजच्या कण्याचे ठोकळे पडतात. हे ठोकळे काट्यावर घातले की सोडियमसह तीन ठळक आकडे उमटतात: १०८५, १२४७ आणि १४०९. दोन लगतच्या आकड्यांतील अंतर १६२, म्हणजे एकेक गॅलॅक्टोज. पहिल्या ठोकळ्यात चार ग्लुकोज आणि तीन झायलोज, दुसऱ्यात एक गॅलॅक्टोज अधिक, तिसऱ्यात दोन. आणि चिंचोक्यात या तिसऱ्या, सर्वांत भारी ठोकळ्याचा भरणा जवळजवळ निम्मा असतो. पण १२४७ चा ठोकळा फसवा आहे. तो असा मांडावा, की बिनफांदीचा ग्लुकोज उजव्या टोकाला, चौथ्या घरी येईल. त्यातले एकुलते गॅलॅक्टोज कण्याच्या दुसऱ्या घरावरच्या फांदीला असेल किंवा तिसऱ्या घरावरच्या, दोन्ही प्रकार चिंचोक्यात आहेत, आणि वजन दोहोंचे एकच. अशा वेळी यंत्रातच तो ठोकळा अडवून, आर्गॉनसारख्या वायूवर आपटून फोडतात आणि तुकड्यांची जबानी घेतात. गॅलॅक्टोज तिसऱ्या घरावर असेल तर कणा मधोमध तुटून उजव्या अर्ध्याचा तुकडा तीन षट्कार्बनी आणि एक झायलोज अशा भाराचा, सोडियमसह ६५९ चा निघतो. दुसऱ्या घरावर असेल तर तोच उजवा अर्धा ४९७ चा.

झाला निकाल, असे वाटते. पण उलटतपासणीत ही साक्ष टिकत नाही. कारण रेणू एकाच जागी फुटेल अशी हमी कोणी दिलेली नाही. गॅलॅक्टोज दुसऱ्या घरावर असतानाही पहिले घर तुटून गेले आणि दुसऱ्या घराची फांदी झायलोज-गॅलॅक्टोजसकट गळाली, तर उरलेल्या तुकड्याचा भार पुन्हा ६५९ च भरतो! दोन निरनिराळ्या घरांचे उरलेले सामान एकाच वजनाचे निघाले. येथे पुन्हा कोऱ्या जागा कामास येतात. फोडण्यापूर्वी ठोकळ्यावर पुरता मिथिल चढविला असेल, तर एकाच घावाने निघालेल्या तुकड्यावर एक कोरी जागा राहते आणि त्याचा भार ८२७ येतो. दोन घावांनी निघालेल्यावर दोन कोऱ्या जागा राहतात आणि त्याचा भार ८१३. हायड्रोजनाच्या जागी मिथिल बसला की भार १४ ने वाढतो, आणि त्या चौदांच्या तफावतीवर सारा फैसला. विल्यम यॉर्क, पीटर आल्बर्शाइम आणि त्यांचे सहकारी यांनी जॉर्जिया विद्यापीठाच्या जटिल कर्बोदक संशोधन केंद्रातून १९९० साली अशा ठोकळ्यांची समग्र रचना प्रसिद्ध केली, तेव्हा वेगवान अणूंच्या माऱ्याने उडविलेल्या रेणूंचे वजन आणि चुंबकीय अनुस्पंदन (एनएमआर) अशा दोन स्वतंत्र पुराव्यांचा मेळ त्यांनी घातला होता, आणि तो घातला हेच उचित झाले.

या चौदाच्या आकड्याविषयी एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी मुद्दाम सांगतो. मिथिल चढविताना भांड्यात पाण्याचा अंश राहिला तर रंग अर्धवट बसतो, आणि जेथे सांधा नव्हता तेथेही कोरी जागा राहून यंत्रात चौदाने हलका असा एक खोटा आकडा उमटतो. मुंबईच्या पावसाळ्यात कॉस्टिक सोड्याच्या गोळ्या बाटलीचे झाकण उघडताच पाझरू लागतात. त्या खलात वाटून भुकटी होईपर्यंत हवेतली बरीचशी ओल त्यांनी पिऊन घेतलेली असते. मग तरुण संशोधक त्या खोट्या आकड्यावर नव्या रचनेची इमारत उभारतो आणि यंत्राच्या अचूकतेचा दाखला देतो. यंत्र अचूक असतेच. समोर ठेवलेल्या नमुन्याचे वजन त्याने इमानाने सांगितलेले असते, नमुना कसा तयार केला हे त्याला कोणी विचारलेले नसते. एका यंत्राला कोटी-कोटी रुपये मोजणाऱ्या आपल्या संस्था कोरड्या खोलीसाठी आणि शुद्ध द्रावकांसाठी हात आखडता घेतात, हे दृश्य मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की ते कोणा एकाचे दूषण मानू नये.

चिंचोक्याच्या गुंत्यात चुकलो तर फार तर खळ बिघडेल. पण सारख्या वजनाच्या भिन्न शर्करांचा हाच प्रश्न रक्तात आला म्हणजे जिवावर बेततो, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मुंबईचेच आहे. केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय येथील डॉ. वाय. एम. भेंडे यांनी सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया आणि लंडनमधील काही शास्त्रज्ञ यांच्यासह १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा काही व्यक्तींची हकीकत दिली की ज्यांचे रक्त ए नव्हे, बी नव्हे आणि ओ देखील नव्हे. त्याच गटाला आज सारे जग बॉम्बे रक्तगट म्हणते. मुंबईत त्याचे प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असे मोजले गेले आहे. ओ गटाच्या रक्तपेशींवरही एच नावाची एक शर्करारचना असते, आणि तिच्यातल्या गॅलॅक्टोजच्या दुसऱ्या कार्बनावर फ्यूकोज, म्हणजे आपला १४६ चा घटक, बसलेला असतो. या एच रचनेवर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोजामाइन चढले की ए गट होतो, गॅलॅक्टोज चढले की बी. बॉम्बे गटाच्या माणसात तो पहिला फ्यूकोजच चढत नाही, कारण तो चढविणारे एंझाइम निकामी असते. आणि म्हणून सर्वांना चालते असे समजले जाणारे ओ रक्तही त्याला दिले तर घात होतो. त्या १९५२ च्या निबंधावर लिस्टर इन्स्टिट्यूटच्या मॉर्गन आणि वॉटकिन्स यांचीही नावे आहेत. रक्तगट हे शर्करांवर ठरतात हे त्याच काळात या दोघांनी, अंडाशयाच्या गाठींतील द्रवावर काम करून, सिद्ध केले होते, आणि तेही आजच्या यंत्रांवाचून. कोणती सुटी शर्करा घातली असता रक्तपेशी गोळा होणे थांबते एवढ्या एका खुबीच्या जोरावर त्यांनी ते साधले.

आता वजनाचा पेच पाहावा. एच रचना नसलेल्या अशा माणसाच्या लाळेत पुष्कळदा लुईस-ए नावाची दुसरी रचना सापडते. तीतही गॅलॅक्टोज, एन-ॲसिटिल ग्लुकोजामाइन आणि फ्यूकोज हेच तिघे आहेत. फ्यूकोज मात्र गॅलॅक्टोजवर न बसता शेजारच्या ग्लुकोजामाइनच्या चौथ्या कार्बनावर बसलेले आहे. काट्याला दोन्ही सारख्याच, त्यामुळे १४६ चा भार दिसला एवढ्यावरून ‘एच आहे’ असे म्हणणारा ठार चुकेल. मिथिल चढवून फोडले असता एच रचनेतून सुटलेल्या ग्लुकोजामाइनवर एकच कोरी जागा राहते, कारण गॅलॅक्टोजबरोबर फ्यूकोजही निघून गेलेले असते. त्याचा भार ३०० भरतो. लुईस-ए मधून दोघे स्वतंत्रपणे गळाले की दोन कोऱ्या जागा आणि भार २८६. पुन्हा तेच चौदा! लुईस-एक्स म्हणून तिसरी एक रचना आहे, तिच्यात गॅलॅक्टोज आणि फ्यूकोज यांनी ग्लुकोजामाइनवरच्या जागांची अदलाबदल केलेली असते, आणि तिचाही आकडा २८६ येत असल्यामुळे कोऱ्या जागांचाही येथे इलाज चालत नाही. इंपीरियल कॉलेजच्या ॲन डेल आणि त्यांच्या संप्रदायाने येथे एक वेगळाच स्वभावधर्म हेरला: ग्लुकोजामाइन टोकाशी तुटून आयन झाला की त्याच्या तिसऱ्या कार्बनावर जो बसला असेल तो झटकन गळतो, चौथ्यावरचा टिकून राहतो, म्हणून लुईस-ए मधून आधी गॅलॅक्टोज जाते आणि लुईस-एक्स मधून फ्यूकोज. शर्करेचे वलयच मधून फोडून निघणारे तुकडेही असतात, त्यांना आणि साध्या तुकड्यांना डोमोन आणि कॉस्टेलो यांनी १९८८ साली जी अक्षरे बहाल केली तीच आज सर्व दप्तरांत चालतात. आल्फा की बीटा हा निर्णय अशा तुकड्यांवरूनही बहुधा लागत नाही. त्यासाठी एंझाइम किंवा चुंबकीय अनुस्पंदन यांच्याच दारी जावे लागते.

शेवटी मुरुडकरांच्या वाडीतल्या नारळाविषयी. शहाळ्यातली मलई बोटाने निघते आणि तीच पुढे खोबरे होऊन विळीलाही दाद देत नाही, यामागे तेलाच्या भरीबरोबरच एका बहुशर्करेचा पालट आहे. मलईत असते गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे मॅनोजच्या सरळ कण्याला सहाव्या कार्बनावर गॅलॅक्टोजच्या फांद्या. फळ जून होत जाते तसतसे फांद्यांचे प्रमाण घटते, उघडे पडलेले कणे एकमेकांशी घट्ट बसतात आणि पाण्यात न विरघळणारे कठीण मॅनन तयार होते. मॅनोजही १६२ आणि गॅलॅक्टोजही १६२. चिंचोक्यात निदान झायलोजचा १३२ मदतीला होता. येथे यंत्र १६२, १६२ असा एकच पाढा म्हणत राहील, आणि फांदी कोठे व कणा कोठे याचा पत्ता मिथिल चढविल्यावाचून लागणार नाही. फांद्या एकाआड एक गळतात की सलग पट्टे उघडे पडतात, हे मॅनन तोडणारे एंझाइम आणि कोऱ्या जागा यांच्या जोडीने पाहता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी जो नमुना लागतो तो प्रयोगशाळेपेक्षा वाडीत चांगला मिळतो: एकाच माडाची, महिन्या-महिन्याच्या अंतराने उतरविलेली फळे, शहाळ्यापासून बाराव्या महिन्याच्या नारळापर्यंत. गर काढल्याबरोबर किसून त्यातले तेल द्रावकाने धुऊन काढायला हवे, नाहीतर पुढे मिथिल चढत नाही. आणि माड उतरविणाऱ्याने प्रत्येक फळावर तारीख घालून द्यायला हवी. एवढी तजवीज येथील महाविद्यालयाच्या रसायन विभागाने केली, तर मिथिलीकरण आणि वजन मुंबईत करून देण्याचे मी पत्करतो, आणि तसे पत्र विभागप्रमुखांच्या नावे आजच चालकांच्या स्वाधीन करीत आहे.